मधल्या वाड्याचा ढोल

डोंगराच्या सोंडेवर धनगरांची पाच घरं, त्यांची मेंढरं-म्हसरं आणि बिरोबाच्या देवळातला एक ढोल. एवढाच काय तो मधला वाडा. खाली भोरच्या बाजूला हिरडेगाव, पलीकडे वेल्ह्याच्या अंगाला तांबडवाडी, आणि मध्ये ही पाच घरं. सरकारी कागदात वाड्याचं नाव दुसरंच काही होतं म्हणतात, पण ते तलाठ्यालाही आठवत नसे. दोन्ही गावची माणसं चेष्टेनं म्हणायची, मधल्या वाड्याचा कोंबडासुद्धा एकदा इकडं तोंड करून आरवतो आणि एकदा तिकडं. पारूबाईला ही चेष्टा मनापासून आवडायची. "आरवनारच की," ती म्हणायची. "दोनी गावं उठवायची आस्त्यात त्येला."

पारूबाई साठीच्या पुढची. नवरा कधीच गेलेला. घरात मुलगा नाथा आणि सून कोमल. वाड्यात शब्द चालायचा तो पारूबाईचा, आणि तो चालायचा याचं मोठं कारण म्हणजे ती फार शब्द खर्च करत नसे. हिरडेगावातल्या भानगडी तिला ठाऊक असत, तांबडवाडीतल्याही असत. उंचावरून सगळंच दिसतं. पण इकडचं तिकडं तिनं कधी केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणे, "आमाला डोळं हायत बाबा, त्वांड न्हाई."

वाड्याचे दोन रिवाज होते आणि त्यांच्यावर वाडा जगत होता. पहिला ठेवीचा. पावसाळ्यात भाताची लावणी सुरू झाली की दोन्ही गावांतली भाकड जनावरं वर वाड्यावर यायची, आणि दिवाळीला खाली जायची. कुणाची म्हैस, कुणाची कालवड, ज्यानं ठेवली त्याच्याच हातात परत द्यायची. मध्ये त्याचा सख्खा भाऊ आला तरी द्यायची नाही. ठेव नाकारायची नाही आणि कुठून आली, कशाला आली, असं विचारायचं नाही.

दुसरा रिवाज ढोलाचा. तो जत्रेत वाजायचा आणि वणवा लागला की वाजायचा, एरवी त्याला हात लावायचा नाही. वणव्याचा ढोल ज्याला आधी आग दिसेल त्यानं वाजवायचा, बाई असो की गडी. तो ऐकला की दोन्ही गावं असतील तशी उठून वर धावायची. येताना पोतं भिजवून खांद्यावर टाकायचं आणि वाटेत हिरवी डहाळी हातानं मोडून घ्यायची. हातानंच मोडायची, कारण ढोलाच्या आवाजावर येताना काठी, कोयता, कुऱ्हाड काही आणायचं नाही. हा नियम कुणी घातला ते कुणालाच सांगता येत नसे. पण घालणारा शहाणा असला पाहिजे. दोन गावांचे शंभर-दीडशे गडी घाईनं, तापलेल्या डोक्यानं एका जागी जमणार, तेव्हा त्यांचे हात कशात गुंतलेले असावेत याचा त्यानं पुरता विचार केला होता.

भांडण लागलं ते झऱ्यावरून. वाड्याच्या खालच्या अंगाला एक झरा आहे. त्याचं पाणी एका फुटक्या कातळावर पडतं आणि तिथून दोन वाटांनी दोन्हीकडं उतरतं. हिरडेगावात घरं वाढली. पुण्याला कामाला गेलेली पोरं सणाला आली की घरात नळ मागायला लागली. नळयोजना मंजूर झाली, आणि टाकी झऱ्यावरच बसणार असं ठरलं. तांबडवाडीच्या लोकांनी विचारलं, मग आमच्या अंगाला काय उतरणार, ओल? खोटं कुणीच बोलत नव्हतं. हिरडेगावच्या बायांच्या डोक्यावरचे हंडे खरे होते आणि तांबडवाडीची वाळणारी भातखाचरंही खरी होती. दिवाळीनंतर एकाचं डोकं फुटलं, मग दुसऱ्याची भाताची उडवी पेटली, मग पोलीस आले, जबाब झाले. एकमेकांच्या लग्नाला जाणं बंद झालं. भोरच्या बाजारात दोन्हीकडची माणसं समोरासमोर आली तर रस्ता बदलायला लागली.

पारूबाईनं वाड्यातल्या सगळ्यांना बोलावून सांगितलं, "ही त्येंची लडाई हाय. आपुन दोगांचंबी हाव. दूद दोनीकडं जानार, मेंढरं दोनीकडं बसनार."

मेंढरं बसवणं म्हणजे पीक निघालं की शेतकऱ्याच्या रानात रात्री कळप ठेवायचा. रानाला खत मिळतं, धनगराला धान्य मिळतं. नाथा चार रात्री हिरडेगावच्या खाचरात बसवायचा आणि पुढच्या चार तांबडवाडीच्या. त्या हिवाळ्यात इतका काटेकोरपणा त्यानं स्वतःच्या जेवणाचाही केला नसेल.

पौषात एक दिवस मानसिंग वर आला. हिरडेगावचा मोठा शेतकरी, पाणी समितीचा अध्यक्ष, बोलायला गोड. त्याच्यामागं टेम्पो होता आणि टेम्पोत काळ्या पाइपांची भेंडोळी. सारोळ्याहून आणलेली. गावात ठेवली तर कोण कापून टाकील याचा भरवसा नाही, असं तो म्हणाला.

"पारूबाई, तुमच्या मेंढवाड्याच्या कडंला ऱ्हाऊ द्या. काम सुरू झालं की नेतो. ठेवच समजा."

पारूबाई भेंडोळ्यांकडं बघत राहिली. नको म्हणावं असं तिला आतून वाटत होतं. पण ठेव या शब्दाला वाड्यानं आजवर नाही म्हटलेलं नव्हतं. आता नाही म्हणायचं तर ते कुणाच्या बाजूनं नाही ठरलं असतं? ती या विचारात असतानाच नाथानं टेम्पोची दोरी सोडायला घेतली होती. तिनं त्याला अडवलं नाही.

तिसऱ्याच दिवशी हनुमंत आला. हा तांबडवाडीच्या साळूबाईचा मुलगा. साळूबाई आणि पारूबाई यांचं मैत्र चाळीस वर्षांचं. देवळामागून तांबडवाडीला उतरणारी एक चिंचोळी पायवाट आहे, ती या दोघींच्या जाण्या-येण्यानंच पडली असं लोक म्हणायचे. हनुमंत लहानपणी याच वाड्यात खरवस खाऊन मोठा झालेला. तो अंगणात बसला नाही, उभाच राहिला.

"मावशे, ते पाइप आमच्या नरड्याला आवळायला आनल्यात. तू ते हितं ठिवून घेतलंस?"

"ठेव हाय ती, हणमा."

"मंग आमाला दे. आमी न्हेऊन पोलिसात जमा करतो."

"ज्येनं ठिवली त्येनंच न्यायाची. तुज्या बापाची म्हस आशीच ठिवली व्हती. तवा तुजा चुलता न्यायाला आलता. दिली का म्या?"

"म्हस आन पाइप एकच का मावशे?"

खरं सांगायचं तर पारूबाईलाही ते एक वाटत नव्हतं. पण तिच्याकडं रिवाज एकच होता, आणि तो म्हशीसाठी केलेला होता. "एकच," ती म्हणाली. हनुमंत परत फिरला. जाताना त्यानं नेहमीसारखा तिच्या पायांना हात लावला नाही, हे तिनं लक्षात ठेवलं.

त्यानंतर तांबडवाडीनं वाड्याचं दूध बंद केलं. मेंढरं बसवायला रान मिळेना. वेल्ह्याकडं उतरणाऱ्या गाडीवाटेवर तोडलेल्या काट्यांचे भारे आडवे आले. दूध मग सगळं हिरडेगावला जाऊ लागलं, मेंढरंही तिकडंच बसू लागली, मीठ-मिरचीला माणसं भोरलाच जाऊ लागली. मानसिंगनं चाऱ्याच्या पेंढ्या पाठवल्या. नको म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. वाडा कुणाच्या बाजूला गेला नव्हता. त्याला फक्त जायला एकच बाजू उरली होती.

देवळामागची पायवाट मात्र कुणी अडवली नाही. पण साळूबाईही तिच्यावरून आली नाही आणि पारूबाईही गेली नाही.

एका दुपारी कोमल मोबाईलवर काहीतरी बघत बसली होती. बारावीपर्यंत शिकलेली पोर, इतिहासाची तिला आवड. पारूबाईनं विचारलं, "कसला गं एवडा आवाज?"

"जुन्या लढाईचं हाय, आत्याबाई. लई देश लढत व्हते. एक लांबचा देश म्हनला, आमी मदी पडत न्हाई, आमी दोगांनाबी माल इकनार. पन शेवटी त्योबी उतरला."

"का?"

"त्येची जहाजं बुडवली."

"जहाजात काय व्हतं?"

"माल आसंल की."

"कुनाचा?"

कोमलनं व्हिडिओ मागं नेऊन बघितला. त्यात ते सांगितलं नव्हतं. पारूबाई उठून मेंढवाड्याकडं गेली आणि त्या काळ्या भेंडोळ्यांकडं बराच वेळ बघत राहिली. संध्याकाळी तिनं नाथाला मानसिंगकडं पाठवलं, ठेव घेऊन जा म्हणून. मानसिंगनं निरोप दिला, शिमगा झाला की नेतो.

वणवा लागला शिमग्याच्या आधी, भर दुपारी. त्या दिवसांत डोंगरावरचं गवत इतकं वाळलेलं असतं की विडीचं थोटूक पुरतं. शिवाय पुढं गवत चांगलं यावं म्हणून रान पेटवणारे शहाणेही सगळ्या गावांत असतात. आग कुणी लावली, की लागली, ते आजवर कुणाला कळलेलं नाही. ती तांबडवाडीच्या अंगाकडून वर आली एवढंच खरं.

पारूबाईनं धूर बघितला आणि ढोल काढला. जेवढं बळ अंगात होतं तेवढं लावून ती वाजवत राहिली. पण आगीनं पाइप गाठले. मग जो काळा धूर उठला त्यात समोरचं माणूस दिसेना. पाइपांना लागूनच मेंढवाडा होता आणि त्यात सगळ्या वाड्याची कोकरं कोंडलेली होती, कारण मेंढ्या चरायला गेल्या की लहान कोकरं घरीच ठेवतात. नाथा आत घुसला. त्यानं सात-आठ कोकरं बाहेर फेकली. मग कूड त्याच्यावर कोसळला, आणि कोमलनं आणि वाड्यातल्याच म्हाताऱ्या गेनबानं त्याला पायाला धरून ओढून काढला तेव्हा त्याच्या हातांची कातडी राहिली नव्हती.

हिरडेगावची माणसं आली. ओली पोती, हिरव्या डहाळ्या, रिवाजाप्रमाणं सगळं. तीन तास झोडपून त्यांनी आग आटोक्यात आणली. ढोल वाजवता वाजवता पारूबाई सारखी देवळामागच्या पायवाटेकडं बघत होती. वाटेवर कुणी आलं नाही. गाडीवाटेवर कुणी आलं नाही. तांबडवाडीतून एक माणूस वर चढलं नाही.

नाथाला भोरच्या सरकारी दवाखान्यात नेलं आणि तिथून पुण्याला. कोमल बरोबर गेली. सांजच्याला रानातून मेंढ्या परत आल्या. रोज येतात तशा पळत आल्या, पान्हावलेल्या, आणि मेंढवाड्याच्या जागी थांबून कोकरांना हाका मारायला लागल्या. एक मेंढी राखेत तोंड घालून हुंगत फिरत होती. पारूबाईनं आयुष्यात पुष्कळ मरणं बघितली होती आणि ती ओठ मिटून सोसली होती. त्या हाका तिला सोसवल्या नाहीत. ती तिथंच राखेत बसली आणि मोठ्यानं रडली.

रडून झाल्यावर तिच्या मनात एकच गोष्ट उरली. आग लागली त्याचं तिला एवढं नव्हतं. आग लागते. पण ढोल ऐकून ते आले नाहीत. साळू आली नाही.

दोन दिवसांनी सकाळी मानसिंग पन्नासेक गडी घेऊन वर आला. सगळ्यांच्या हातात काठ्या होत्या, काहींच्या कोयते. झरा ताब्यात घ्यायचा आणि तसंच तांबडवाडीवर उतरायचं, असं ठरवून आले होते.

"पारूबाई," मानसिंग म्हणाला, "इतके दिस तुमी मदी व्हता. आमी तुमाला कदी आमच्याकडनं या म्हनलं का? पन आता तुमीच बगा काय झालं त्ये. बिरोबाचा ढोल आमच्या म्होरं वाजू द्या. द्येवाचा ढोल म्होरं आसला की मानूस मागं सरत न्हाई."

त्याचे पाइप जळाले होते हे तो बोलला नाही. खरं तर ते त्याच्या मनातही नसावं. नाथाच्या हातांबद्दल बोलताना त्याचा आवाज खरोखरच भरून आला होता.

गेनबा पुढं आला. "पारू, ढोल आगीचा हाय. लडाईला त्यो कदी वाजला न्हाई."

"मंग आग लागल्यालीच हाय की," पारूबाई म्हणाली.

"इज्ली ती."

"न्हाई इज्ली." तिनं आपल्या छातीवर हात ठेवला. "हितं लागलीया. म्या दोगांची ऱ्हायली, गेनबा. दोगांची ऱ्हाऊन माज्या प्वाराचं हात गेलं. कुनाचं तरी हुया आता."

ढोल देवळाच्या ओट्यावर आणला. गेनबानं वाजवायला नकार दिला. दुसऱ्या कुणाला तिनं हात लावू दिला नाही. "जळलंय माजं, वाजवनार म्या," ती म्हणाली, आणि तिनं काठी उचलली.

ढोल वाजायला लागला तशी माणसं पेटली. आधी कुजबुजत होती ती ओरडायला लागली. पारूबाईचे हात दुखत होते, वणव्याच्या दिवशी ढोल बडवून आलेले फोड फुटले होते, पण ती थांबली नाही. खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं. इतके महिने तोलून मापून बोलली, तोलून मापून चालली, त्याचं ओझं एकदम उतरल्यासारखं झालं होतं.

थोड्याच वेळात पलीकडच्या गाडीवाटेवर माणसं दिसली. तांबडवाडीची. बरीच होती, पळत चढत होती.

"आलं!" कुणीतरी ओरडलं. "तयारीतच व्हतं भाडखाव! हत्यारं घिऊन आल्यात, बगा!"

मानसिंगची माणसं उतारावरून सुटली.

पारूबाईनं ढोल वाजवता वाजवताच मान वर करून बघितलं. जवळचं तिला आता नीट दिसत नसे, सुईत दोरा कोमलच ओवायची. पण लांबचं चांगलं दिसायचं. जन्मभर समोरच्या डोंगरावरची मेंढरं मोजलेली ती नजर. चढणाऱ्या माणसांच्या हातात काहीतरी हलत होतं आणि ते हिरवं होतं.

तिचा हात थांबला.

डहाळ्या होत्या. प्रत्येकाच्या हातात हातानं मोडलेली हिरवी डहाळी होती आणि खांद्यावर पोतं. बाया होत्या त्यांच्यात. सगळ्यांत पुढं हनुमंत होता, तोंड वर करून धूर कुठं दिसतो ते शोधत पळत होता.

"थांबा!" पारूबाई ओरडली. "आरं थांबा! इज्वायला आल्यात ती! मानसिंगराव!"

पण माणसं लांब गेली होती, आणि त्यांना आता ढोलाची गरज राहिली नव्हती.

देवळामागं पावलं वाजली. पायवाटेनं साळूबाई वर आली होती, एकटी, धापा टाकत. गाडीवाटेनं वळसा घालून यायला तिला धीर निघाला नसावा. खांद्यावरच्या पोत्याचं पाणी तिच्या लुगड्यावरून ओघळत होतं. हातात करवंदीची डहाळी होती, काट्यांनी बोटं रक्ताळलेली.

"पारू," ती म्हणाली, आणि श्वास घ्यायला थांबली. "त्या दिशी आमी आलो न्हाई. पोरं म्हनली, हिरडेगाववालं फशीवत्यात, वर बलावून मारत्याल. म्या ऐकलं त्येंचं. नाथाचं कळल्यापून त्वांडात घास जायाना बग. आज ढोल ऐकला तशी म्या हणमाला म्हनलं, मारत्याल तर मारू द्या, पन आज जायाचं." तिनं इकडं तिकडं बघितलं. राख होती, थंड. धूर कुठंच नव्हता. "कुठं लागलीया गं आग?"

खालून एक आरोळी आली. मग दुसरी. दुसऱ्या आरोळीला साळूबाईची मान वळली, कारण आवाज तिच्या पोराचा होता. तिनं पुन्हा काही विचारलं नाही. ओलं पोतं तसंच खांद्यावर ठेवून ती उतारावरून पळत सुटली.

पारूबाई तिच्यामागं पळाली. मध्ये पडायचं, दोघांच्या मध्ये जाऊन उभं राहायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आयुष्यभर ती तिथंच तर उभी होती. पाय घसरत होते, ती ओरडत होती, पण त्या गलक्यात तिचं ओरडणं कुणाला ऐकू येत नव्हतं. ढोलाची काठी खाली ठेवायची ती विसरली होती.

हनुमंत वाटेत पडला होता, डोक्यातून रक्त जात होतं, डहाळी अजून मुठीत होती. त्याच्याभोवती तांबडवाडीच्या बाया वाकल्या होत्या. त्यांनी वर बघितलं. उतारावरून मधल्या वाड्याची पारूबाई ओरडत येत होती, आणि तिच्या हातात काठी होती.